मदत हवी आहे : नॉर्वेजियन 'उस्तेहोव्हल'मधला 'ए' कुठून आला?

नमस्कार मंडळी. नॉर्वेजियन शिकतेय आणि एका शब्दापाशी अडकलेय. चीजचे पातळ काप काढायचं, तिथे घरोघरी दिसणारं अवजार म्हणजे 'उस्तेहोव्हल'. 'उस्त' म्हणजे चीज आणि 'होव्हल' म्हणजे सुताराचा रंधा. चीजचा रंधा! नाव अगदी खरं आहे, कारण नॉर्वेतल्या लिलेहामरच्या 'थोर ब्योर्क्लुंड' नावाच्या सुतारानं रंध्यावरूनच ते बेतलं आणि १९२५ साली पेटंट घेतलं. माझे आजोबा सुतारकाम करायचे, त्यामुळे हे वाचून फार आनंद झाला.

'होव्हल' जुन्या लो जर्मनमधून (म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलीतून) आला, जर्मन 'होबेल' त्याचाच भाऊबंद. इथवर कळलं. अडतंय ते मधल्या 'ए'शी. ब्रेडच्या सुरीला 'ब्रोक्निव्ह' म्हणतात, तिथे असा स्वर नाही. 'बार्नेहागे' म्हणजे बालवाडी, त्यात मात्र आहे, आणि तो जुन्या नॉर्समधल्या (नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेतल्या) 'बार्ना' म्हणजे 'मुलांचा' या षष्ठी अनेकवचनाचा अवशेष. मग 'उस्ते'सुद्धा तसाच जुना, की नंतर इतर शब्दांच्या सादृश्यानं चिकटलेला? मला राहून राहून आपला 'घोडेस्वार' आठवतो.

जुनी नॉर्स किंवा डॅनिश जाणणारं कुणी आहे का इथे? जुन्या लिखाणातलं एखादं उदाहरण मिळालं तर फारच बरं होईल.