परदेशातला टॅक्स रिफंड: शिक्का कुठे, पैसे कसे?

ठाणे-नवी मुंबईतून सुट्टीत परदेशी निघालेल्यांसाठी हा धागा. खरेदीवरचा व्हॅट किंवा जीएसटी परत घेताना नेमकं काय करायचं आणि गाडी कुठे अडते, तेवढंच लिहा. प्रवासवर्णनं नकोत.

नौपाडाकर: दुकानदार फक्त फॉर्म देतो, पैसे सुटतात ते कस्टमच्या मंजुरीवर, म्हणजे फॉर्मवरच्या शिक्क्यावर. फॉर्म पैसे भरतानाच पासपोर्ट दाखवून मागा. किमान खरेदी देशागणिक वेगळी: जर्मनीत 50 युरोच्या वर, इटलीत 70च्या, फ्रान्समध्ये 100च्या वर. स्पेनमध्ये मर्यादाच नाही. हॉटेल, जेवण, तिकिटं यांवर काही मिळत नाही.

आता हिशेब. जर्मनीचा व्हॅट 19 टक्के, पण 119 युरोच्या बिलात कर 19 युरो, म्हणजे बिलाच्या जेमतेम 16 टक्के. त्यातून रिफंड हाताळणाऱ्या ग्लोबल ब्लू, प्लॅनेट अशा कंपन्यांचं कमिशन जातं. रोख घेतली तर बहुधा आणखी कात्री, म्हणून कार्डावर घ्या. रुपयांत देऊ का म्हणाले तर नको म्हणा, दर तोट्याचा असतो.

घोडबंदर रोड: सगळ्यात जास्त घोळ बॅगेचा. वस्तू चेक-इन बॅगेत असेल तर बॅग बेल्टवर जाण्याआधी कस्टम. जर्मनीत काउंटरवर आधीच सांगायचं, 'आत टॅक्स-फ्रीचा माल आहे'. ते टॅग लावून बॅग परत देतात, ती घेऊन कस्टमकडे जायचं आणि बॅग तिथूनच पुढे जाते. पॅरिस-म्युनिक-मुंबई असा प्रवास आणि बॅग थेट मुंबईपर्यंत, तर मंजुरी पॅरिसलाच. हातातल्या सामानाची म्युनिकला, कारण युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं तिथे. फ्रान्समध्ये कस्टमच्या पाब्लो नावाच्या मशीनवर फॉर्मचा बारकोड स्कॅन करायचा. हिरवं आलं तर काम झालं, लाल आलं तर काउंटर. माल न वापरलेला, टॅगसकट, वरच्या कप्प्यात ठेवा.

वाशी सेक्टर 17: स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) आहे, युरोपियन युनियनमध्ये नाही. टूरवाले हे सांगायचं विसरतात. पॅरिसला पर्स घेतली आणि परतीचं विमान झुरिचचं, तर झुरिचला फ्रान्सच्या फॉर्मवर शिक्का मिळणार नाही. तो सीमेवर, स्वित्झर्लंडमध्ये शिरण्याआधी घ्यायचा. बस तिथे थांबवायला टूर मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. परतीचं विमान रोमहून असेल आणि पर्स सोबत असेल, तर रोमला शिक्का चालतो. स्विस खरेदीचा हिशोब निराळा: 300 फ्रँक किमान, कर 8.1 टक्के.

ऐरोली: मुलगा किंवा मुलगी जर्मनीत शिकत असेल तर बिल त्यांच्या नावावर करू नका, तिथे राहणाऱ्याला रिफंड नाही. बिल आई-बाबांच्या पासपोर्टवर हवं आणि माल त्यांच्याच सामानातून बाहेर जायला हवा. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत. शिक्क्यानंतर फॉर्मचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मगच रिफंड कंपनीच्या पाकिटात घालून टपालपेटीत टाका. रिफंड अडला की हातात तोच पुरावा.

खारघर: सिंगापूर त्या मानाने सोपं. जीएसटी 9 टक्के, किमान 100 सिंगापूर डॉलर. एकाच दुकानाची एकाच दिवसाची तीनपर्यंत बिलं एकत्र चालतात. मुस्तफा सेंटरसारख्या मोठ्या दुकानात 100 डॉलर कधी होतात कळतही नाही. चांगीला किऑस्कवर पासपोर्ट स्कॅन करायचा, चेक-इनमध्ये माल असेल तर चेक-इनच्या आधी. थायलंडला एका दुकानात एका दिवशी 2000 बाथ आणि फॉर्म त्याच दिवशी. दुबईला कर 5 टक्के, किमान 250 दिरहम. छोट्या खरेदीसाठी रांगेत उभं राहणं मला तरी परवडत नाही.

घोडबंदर रोड: जपानला सध्या पात्र दुकानात 5000 येनपासून कर आधीच वजा होतो. 1 नोव्हेंबर 2026 पासून तिथेही पूर्ण पैसे भरून जाताना रिफंड.

नौपाडाकर: लंडनच्या दुकानात फॉर्म मागू नका. 1 जानेवारी 2021 पासून तिथे ही सोय बंद आहे. दुकानानेच माल भारतात पाठवला तर तिथला व्हॅट वगळता येतो, पण इथली ड्यूटी तुमच्या गळ्यात.