मदत हवी आहे: फ्यूज शाबूत, होल्डर मात्र वितळला

गाडी डिझेल बोलेरो, मुक्काम घाटंजी तालुका. म्युझिक सिस्टमला ॲम्प (ॲम्प्लिफायर) दोन: सबवूफरचा एका चॅनलचा मोनो (वर 30 अँपिअरचे 2 फ्यूज) आणि दारांच्या स्पीकरचा चार चॅनलवाला (25 चा 1). बॅटरीपासून वीतभरावर 100 चा मेन फ्यूज, तिथून 4 गेज (जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड) वायर मागे, सीटखाली डिस्ट्रिब्युशन ब्लॉक (एका वायरीच्या दोन करणारा), पुढे दोन्हींना 8 गेज. ब्लॉकमध्ये फ्यूज नाहीत.

परवा अर्धा तास जोरात वाजवलं अन् जळका वास आला. बॉनेट उघडलं तर होल्डरचं प्लास्टिक बॅटरीकडच्या बाजूनं वितळून बसलेलं, स्क्रू बोटानंच फिरला. वायर खरवडली: वरून तांबूस, आत पांढरी. म्हणजे तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम गळ्यात मारलं!

होल्डर बदलला, अर्थिंगखालचा रंग घासून पुन्हा कसलं. तरी बास पडला की बॅटरीवर 14, मोनोवर 12.4 व्होल्ट. मित्र म्हणतो 200 चा फ्यूज टाक. मला पटत नाही, मेन फ्यूज वायर वाचवायला असतो.

यवतमाळची चक्कर एकदाच होईल. अस्सल तांब्याची 4 गेज, 5 मीटर घेतली तर मेन 100 चाच ठेवू का? आणि 8 गेजच्या तारांना ब्लॉकमध्ये वेगळे फ्यूज (60 आणि 30?) लागतील, की ॲम्पवरचे पुरे?