ॲक्शन सिनेमांचं ऑर्केस्ट्रा संगीत, चित्राशिवाय ऐकलेलं: तुमचे अनुभव लिहा

ॲक्शन सिनेमाच्या पार्श्वसंगीताला आपल्याकडे सरसकट गोंगाट म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. सिनेमागृहात गोळ्या, स्फोट, गाड्यांचे ब्रेक यांच्याखाली हे संगीत दबून जातं. तोच तुकडा घरी नुसता ऐका. ऐंशी-शंभर वादक एकाच क्षणी काय काय करताहेत हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

तुम्ही कोल्हापुरात असा, जिल्ह्यात कुठे असा किंवा इथून बाहेर गेलेले असा, असं काही ऐकलं असेल तर इथे लिहा. कुठला तुकडा, कुठे ऐकला आणि नेमकं काय ऐकू आलं ते सांगा. 'लई भारी' एवढ्यावर सोडू नका. सुरुवात मी करतो.

राजारामपुरी, धागाकर्ता

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधला 'डेझर्ट चेस'. संगीत जॉन विल्यम्स यांचं, वादन लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं. ट्रकच्या पाठलागाचा हा तुकडा आठेक मिनिटांचा आहे. सिनेमा बघताना मला त्यातली फक्त नायकाची धून लक्षात राहिली होती. नुसतं ऐकताना लक्ष खालच्या तंतुवाद्यांकडे गेलं. चेलो आणि डबल बास एक छोटी आकृती घासत राहतात आणि वरून ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, मधेच येऊन ठोसे मारतं. नायकाची धून मात्र जपून वापरली आहे. ती तुकड्यातुकड्यानं येते, अर्धी राहते, पुन्हा उचलली जाते. ट्रक कुणाच्या ताब्यात आहे हे डोळे मिटूनही सांगता येतं. संध्याकाळी गच्चीवर मी हे ऐकतो आणि दर वेळी लक्ष एकाच वाद्यावर ठेवतो. एकदा नुसता टिंपनी हा मोठा ढोल, एकदा नुसतं फ्रेंच हॉर्न. तुम्हीही करून बघा.

मंगळवार पेठ, तालमीतला

दादा, तुम्ही लिहिलंय ते वाचून तो ट्रकचा तुकडा ऐकला. मला तर खासबागचं कुस्तीचं मैदान आठवलं. आमच्याकडं कुस्तीला हलगी, घुमकं (ढोलासारखं) आणि कैताळ (मोठी झांज) असतंय. बाहेरच्या माणसाला वाटतं, नुसतं वाजवायला बसवलेत. तसं न्हाई. हलगीवाल्याचा डोळा पैलवानाच्या पायावर असतो. सलामीला ठेका संथ. खडाखडी, म्हणजे उभ्यानं झटापट, चालू असली की थांबून थांबून टाप. एकानं पट काढायला समोरच्याच्या पायाला हात घातला की हलगी चढली. ताबा घेतला, खालच्यानं जमीन धरली, की परत उतरली, पण आतनं दम धरून. ढाक हा पाडायचा डाव लागायच्या आधीच्या क्षणाला जी कडकड होते ती ऐकून मागं बसलेली माणसं उठून उभी राहतात. त्यांना कुस्ती दिसतच नसते, हलगीवरनंच कळतं.

सिनेमाचं काम उलटं आहे, हे मी पुतण्याकडनं समजून घेतलं. चित्र आधी तयार असतं, ठोसा कुठल्या सेकंदाला बसणार हे संगीतकाराला माहीत असतं आणि बऱ्याचदा वादकांच्या कानात क्लिकचा ठोका चालू असतो, म्हणजे सगळे चित्राबरोबर राहतात. आमच्या हलगीवाल्याला कोण पडणार ते ठाऊक नसतं. तरी त्याचा कडाका आणि पैलवानाची पाठ मातीला लागणं एका टायमाला होतं. म्हणून मला त्या लंडनच्या माणसांबद्दल आदर वाटला आणि आमच्या माणसांबद्दल जास्त वाटला. हलगीवाल्याचं नाव मैदानाच्या पत्रिकेवर छापलं पाहिजे, असं माझं मत आहे.

धागाकर्ता

वस्तादांच्या घरचं बोलणं वाटलं. पत्रिकेवर नाव छापायच्या मताला माझाही पाठिंबा.

गंगावेश, तबल्याचा विद्यार्थी

'मिशन इम्पॉसिबल'ची धून. लालो शिफ्रिन यांनी ती १९६६ च्या मालिकेसाठी रचली आणि १९९६ पासून सिनेमांत ती ऑर्केस्ट्रावर वाजते आहे. पाश्चात्त्य हिशोबात ते पाच-चार, म्हणजे फेरीला पाच ठोके. मी त्याचे अर्धे भाग मोजले तर आवर्तन दहाचं निघालं आणि विभाग पडले तीन-तीन-दोन-दोन. झपतालही दहाच मात्रांचा, पण दोन-तीन-दोन-तीन. म्हणून धून लावून त्यावर 'धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना' धरून बघितलं.

काय होतं ते सांगतो. धुनीचे जोर पडतात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि नवव्या मात्रेवर. झपतालाचे विभाग सुरू होतात पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्यावर. म्हणजे सम (पहिली मात्रा) सोडली तर दोघं कुठेच भेटत नाहीत. सगळं आवर्तन ओढाताण आणि समेवर सुटका, असं प्रत्येक फेरीला. धून इतकी अस्वस्थ का करते हे मला तेव्हा उमगलं. गुरुजींना ऐकवली. त्यांनी दोनदा ऐकून घेतली आणि मला तीन-तीन-दोन-दोनमध्ये तुकडा बांधून आणायला सांगितला. अजून तोच रियाज चालू आहे.

एक आणखी. 'मिशन इम्पॉसिबल'ची आद्याक्षरं एम आणि आय. तारेच्या मोर्स लिपीत 'एम' म्हणजे दोन डॅश आणि 'आय' म्हणजे दोन डॉट. ठेकाही लांब, लांब, आखूड, आखूड.

शिरोळ तालुका, बँडमध्ये ट्रंपेट

आम्ही वरातीत वाजवतो. कागदावरचं नोटेशन आमच्यात थोड्यांनाच वाचता येतं, बाकी सगळं कानावर. त्यामुळं ब्रासचं काम आलं की मी वेगळ्या कानानं ऐकतो.

'स्टार वॉर्स' (१९७७) चा पहिला सूर ऐका. सगळं ब्रास एकदम आणि वर ट्रंपेट. तो मुख्य ट्रंपेट मॉरिस मर्फी यांचा. लंडन सिम्फनीमधला त्यांचा पहिलाच दिवस आणि कामाला हे! त्याहून मला भिडलेली गोष्ट अशी की हा माणूस आधी ब्रास बँडमध्ये कॉर्नेट (ट्रंपेटसारखंच वाद्य) वाजवायचा. यॉर्कशरमध्ये ब्लॅक डाइक मिल्स नावाचा कापडगिरणीचा बँड होता, त्यातला तो मुख्य वादक. आपल्या शाहू मिलचा असा बँड असता तर, हा विचार मी किती वेळा केला असेल.

वाजवणाऱ्यालाच कळेल अशी गोष्ट सांगतो. वरचा सूर मोठ्यानं काढणं अवघड नाही. तो न चिरकता, गोल ठेवून धरणं अवघड. वरातीच्या शेवटाला ओठ जड झालेला असतो, सूर खाली बसायला लागतो. मर्फी यांचा सूर वर जाऊनही पातळ होत नाही. मी पोरांना हे मोबाईलवर नाही, बँडच्या गाडीवरच्या मोठ्या स्पीकरवर ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सगळे लांब सूर धरायचा सराव करत होते, न सांगता.

उद्यमनगर, पॅटर्नमेकर (ओतकामाचे नमुने बनवणारा)

'कोनन द बार्बेरियन' (१९८२), संगीत बेसिल पोलेडोरिस. पहिल्याच तुकड्याचं नाव 'ॲन्व्हिल ऑफ क्रॉम'. ॲन्व्हिल म्हणजे आपली ऐरण. नावामुळंच लावला. ढोलांचा भरभक्कम ठोका आणि त्यावर हॉर्नांची फौज. दुपारी शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही लावतो, मशीन बंद असतात तेव्हा.

'टर्मिनेटर' (१९८४) ऑर्केस्ट्राचा नाही, सिंथेसायझरचा आहे हे मान्य. तरी लिहितो, कारण ब्रॅड फिडेल यांनी त्यातला लोखंडी दणका घरातल्या फ्राइंग पॅनवर वाजवून काढला होता. धातूच्या आवाजावरनं माल पोकळ आहे की भरीव हे सांगणारी माणसं आमच्या गल्लीत आहेत. त्यांना तो दणका एकदा ऐकवणार आहे.

शाहूपुरी, निवृत्त सिनेमा ऑपरेटर

आमच्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये एक लहान स्पीकर असायचा. रीळ गुंडाळताना, प्रोजेक्टरच्या दिव्याचा कार्बन बदलताना पडद्याकडे बघायला सवड नाही. म्हणजे सिनेमा कानांनीच. 'शोले' (१९७५) मी असाच जास्त ऐकला. बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तिथे राहुलदेव बर्मन यांनी सगळा वाद्यमेळ मागे ठेवून तबला पुढे आणला आहे. वाजवणारे पंडित सामताप्रसाद, बनारसचे. घोड्याच्या टापा आणि तबला यांत कुठलं काय हे केबिनमधल्या स्पीकरवर कळेना, इतकं एकजीव. मग ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग. तिथे झोपाळ्याची करकर.

तरुण मंडळींना एक सांगावंसं वाटतं. हे गाव सिनेमा ऐकायला आधीपासून शिकलेलं आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. त्या मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून माणसं पेटी-तबला वाजवायची, लढाई आली की लय वाढवायची. तालमीतल्या मुलानं हलगीचं लिहिलंय, ते वाचून मला त्या वादकांची आठवण झाली. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

ताराबाई पार्क, बँकेतून निवृत्त

'डाय हार्ड' (१९८८) मध्ये तिजोरी उघडते तेव्हा बीथोव्हनची नववी सिम्फनी येते. मायकल केमन यांनी ती आधीपासून सिनेमाभर तुकड्यांत पेरली आहे. त्या तिजोरीमुळे मी पूर्ण नववी ऐकली, शेवटच्या समूहगानासकट. आता रविवारची सकाळ तिचीच असते.

कसबा बावडा

माझा अनुभव वेगळा आहे. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर बरीच वर्षं नाचलो. आता उजव्या कानात सतत बारीक शिट्टी वाजते, ती जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मोठा आवाज सोसत नाही. तेव्हा ॲक्शन संगीत आपल्यासाठी संपलं असं वाटलं होतं.

मग 'फर्स्ट ब्लड' (१९८२) मिळाला, जेरी गोल्डस्मिथ यांचा. रॅम्बो म्हटलं की लोकांना मशीनगन आठवते. या पहिल्या सिनेमाची धून मात्र गिटारवर सुरू होते आणि ट्रंपेट ती हळू आवाजात घेतो. युद्धावरून आलेला, कुठेच न सामावणारा माणूस त्या चार सुरांत आहे. पुढे तीच धून पाठलागात येते तेव्हा तिच्यातलं दुःख तसंच असतं. गावागावांत फौजी असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे कुणालाही समजेल. माझे काका सुट्टीवर आले की कसे गप्प बसायचे, ते मला या संगीतातून कळलं. आवाज अगदी कमी ठेवून ऐकतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. पोरांनो, इयरफोन घालण्याआधी हे लक्षात ठेवा.

धागाकर्ता

काका गप्प बसण्याबद्दल लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. 'फर्स्ट ब्लड' आज रात्री.

वैभववाडीला नोकरी, घर कोल्हापुरात

शनिवारी एसटीनं करूळ घाट चढताना 'डंकर्क' (२०१७) ऐकलं. हान्स झिमर. त्यात स्वर सारखा वर चढतोय असं वाटतं आणि कधीच पोचत नाही. याला शेपर्ड टोन म्हणतात. एकमेकांपासून सप्तकाच्या अंतरावरचे अनेक स्वर एकत्र वर सरकतात. सगळ्यात वरचा हळूहळू विरतो आणि त्याच वेळी खालून नवा दबक्या पावलांनी आत येतो. कानाला फक्त चढणं जाणवतं. सोबत घड्याळाची टिकटिक, ती दिग्दर्शक नोलन यांच्याच घड्याळाची. गगनबावडा आला, गाडी सपाटीला लागली तरी माझे खांदे आखडलेलेच. तेव्हापासून हे प्रवासात लावत नाही. घरी, दिवसा आणि एका वेळी एकच तुकडा. फार मोठं काम आहे, पण आराम म्हणून ऐकायचं नव्हे.

कागल, पोलीस भरतीची तयारी

'ग्लॅडिएटर' (२०००) मधला 'द बॅटल'. झिमर यांचाच, त्या सिनेमात त्यांच्यासोबत लिसा जेरार्डही आहेत. लढाईचं संगीत असून सुरुवातीला त्याची चाल वॉल्ट्झची आहे, म्हणजे तीनची. मैदानावर धावताना हे मला पायांनी सांगितलं. चारच्या ठेक्यावर धावलं की जोर सारखा एकाच पायावर पडतो. तीनच्या ठेक्यावर जोर एकदा डाव्यावर, पुढच्या फेरीला उजव्यावर, असा बदलत राहतो. माझा डावा घोटा आधी दुखायचा, त्यामुळं हा फरक मला लगेच जाणवला.

मुलींना ८०० मीटर असतं, म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत घाई केली की दुसरीत दम तुटतो. भरतीच्या दिवशी कानात काही घालता येत नाही, म्हणून आम्ही मैत्रिणी आता संगीत बंद करून तोंडानंच एक-दोन-तीन मोजत पळतो. चाल अंगात बसली आहे.