केळीच्या पानातली प्रथिने: अडचण ट्रिप्सिनची नाही

मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखण्याची पद्धत) प्रथिने ओळखायची, तर आधी त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करावे लागतात. त्यासाठी प्रथिने कापणारं विकर, ट्रिप्सिन, वाढवलं की पेप्टाइड जास्त मिळतील, असं म्हटलं जातं; केळीच्या पानाला ते लागू पडत नाही. रावेर-यावलकडे केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, हे कुणालाही विचारा. तसलेच पॉलिफेनॉल (डाग पाडणारी वनस्पतीतली रसायने) पानातल्या प्रथिनांना चिकटतात, मग ट्रिप्सिन कितीही ओता. वजनाने पन्नास भाग प्रथिनांना एक भाग ट्रिप्सिन (१:५०) पुरे, ३७ अंशांवर रात्रभर.

मेख आधीच्या पायरीत आहे. पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटा, बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीव्हीपीपी, म्हणजे पॉलिफेनॉल धरून ठेवणारी पूड, घाला, पीएच ८ च्या फिनॉलने प्रथिने ओढून घ्या. मग ०.१ मोलर अमोनियम ॲसिटेट असलेल्या थंड मिथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर रात्रभर ठेवा. खाली बसलेला प्रथिनांचा गोळा तपकिरी दिसला तर पुन्हा धुवा. एसडीएस (प्रथिने विरघळवणारं डिटर्जंट) वापरलं असेल तर ते पूर्ण काढा. थोडं राहिलं तरी मास स्पेक्ट्रोमीटरवर पेप्टाइडचे सिग्नल दबतात.