सडलेल्या मक्याच्या ढिगाचं पाणी शेततळ्यात उतरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची शेती सिल्लोड तालुक्यात. परतीच्या पावसात काकांचा तोडून ठेवलेला मका भिजला आणि आता वरच्या वावरात ढीग होऊन पडला आहे. कणीस सोललं की दाण्यांच्या ओळींत गुलाबी-पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते, शेंड्याकडे हिरवी भुकटी. असा मका जनावरांना घालायचा नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण ढिगाखालून तपकिरी, आंबूस वासाचं पाणी निघतं आणि चारीतून थेट आमच्या शेततळ्यात येतं, त्याचं कुणालाच काही वाटत नाही. तळ्याला अस्तर नाही, आत रोहू-कटला सोडलेत. खालच्या अंगाला विहीर, तिचंच पाणी आम्ही पितो.

हिरवी बुरशी ॲस्परजिलस असावी (अफ्लाटॉक्सिन हे विष बनवणारी) आणि गुलाबी फ्युझेरियम. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी नि जुलाब झाले होते, ते फ्युझेरियमच्या फ्युमोनिसिन या विषामुळे. ते झालं खाण्याचं. पाण्याबद्दल वाचलं ते स्वित्झर्लंडचं. झुरिकच्या रेकेनहोल्झला संशोधकांनी गव्हात मुद्दाम फ्युझेरियम पसरवून शेताखालच्या निचऱ्याचं पाणी तपासलं. त्यात फ्युझेरियमचीच दुसरी दोन विषं निघाली: डिऑक्सिनिव्हॅलेनॉल लिटरला काही मायक्रोग्रॅमपर्यंत, झिअरालेनोन त्याहून पुष्कळ कमी, नॅनोग्रॅममध्ये. तिकडच्या नद्यांतही ही विषं सापडली. झिअरालेनोन स्त्रीसंप्रेरकासारखं वागतं, म्हणून एवढ्याशा मात्रेचीही माशांच्या प्रजननासाठी काळजी करतात. तिथे उभं पीक होतं, इथे सडका ढीग तळ्याच्या डोक्यावर आहे.

सध्या मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. हे विषाने होत असेल का? ढिगाचं काय करावं? आणि विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

प्रतिसाद:
दादा, पहाटे मासे वर येतात ते बहुधा प्राणवायू कमी पडल्यामुळे. सडक्या मक्याचं पाणी तळ्यात कुजतं आणि विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतं. बुरशीच्या विषाआधी तुमचे मासे यानेच मरतील. आजच चारी मातीने बुजवा, पाणी दुसरीकडे वळवा. पहाटे पंप लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा आणि खाद्य बंद ठेवा. ढिगावर ताडपत्री टाका, भोवती बांध घाला. नंतर तळ्या-विहिरीपासून लांब, उंचवट्यावर शेण-माती मिसळून कुजवा. मातीतले जिवाणू यातली बरीच विषं हळूहळू मोडतात. विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा करून पुरू मात्र नका, फ्युमोनिसिन पाण्यात सहज विरघळतं. अफ्लाटॉक्सिन तसं कमी विरघळतं, मातीला धरून राहतं. उकळून यातलं काहीच जात नाही, तेव्हा तूर्त पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.

धागाकर्ता:
फार आभार. चारी बुजवली, ताडपत्री काकांकडूनच घेतली. प्रयोगशाळांत चौकशी केली तर सगळे धान्याचा नमुना मागतात. पाण्यातलं फ्युमोनिसिन आणि झिअरालेनोन तपासून देणारी जागा छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा नागपूरकडे कुणाच्या माहितीत असेल, तर नमुना कोणत्या बाटलीत, किती लिटर न्यायचा तेही कृपया लिहा.