डिकॉय मांडून कबुतराची शिकार : फसवणूक की जबाबदारी?

शेतबांध :
दिवाळीनंतर मावसभावाकडे इंग्लंडला जाऊन आलो, लिंकनशायरला, सगळा सपाट शेतीचा मुलूख. तिथे छर्‍याच्या बंदुकीने (एअरगन) कबुतरं मारतात ते शेजारी बसून बघितलं. पुण्यात आल्यावर मित्रांना सांगितलं तर दोघंतिघं तुटूनच पडले, खोटी कबुतरं मांडून खर्‍याला बोलावून मारायचं म्हणजे भ्याडपणा म्हणे. माझं मत बरोबर उलटं आहे म्हणून इथे मांडतोय.

आधी एक, तिथलं कबूतर म्हणजे आपल्या बाल्कनीतला पारवा नव्हे. वुडपिजन म्हणतात, अर्धा किलोचा पक्षी, मानेवर पांढरा पट्टा. थंडीत बाकी काही हिरवं नसतं तेव्हा थवाच्या थवा रेपसीडवर (आपल्या मोहरीचा भाऊबंद) उतरतो आणि कोवळी पानं देठापर्यंत खाऊन टाकतो. पिकाचं नुकसान थांबवायला म्हणून सरकारी जनरल लायसन्सखाली (वेगळा अर्ज न करता, अटींवर मिळणारी सरसकट मुभा) मारायला परवानगी आहे, मजा म्हणून नाही.

डिकॉय म्हणजे प्लास्टिकचं पोकळ अर्धं कबूतर, काडीवर बसवलेलं, वार्‍याने जरा डुलतं. भावाने १२ मांडले, बहुतेकांची तोंडं वार्‍याकडे कारण पक्षी वार्‍याला सामोरा होऊनच उतरतो, आणि मधे मुद्दाम मोकळी जागा सोडली, वरून येणारा त्याच जागेत उतरतो. दव पडून प्लास्टिक चमकलं की थवा वरच्या वर वळून जातो म्हणून तो पहाटे एकेक डिकॉय फडक्याने पुसत होता, बोटं थंडीने लालबुंद. मग झुडपाच्या कुंपणाला जाळी लावून आम्ही मागे बसलो. अंतर २५ मीटर.

आता मुद्दा. या बंदुकीत एका वेळी एकच छर्रा, आणि तिथे परवाना न लागणार्‍या बंदुकीच्या छर्‍याला १२ फूट-पाऊंड ऊर्जेची मर्यादा, म्हणजे साधारण १६ ज्यूल. उडत्या पक्ष्यावर तिने मारायचंच नाही. समोरून छातीवर मारलं तर गळ्याखालची पिशवी दाण्यापाल्याने गच्च भरलेली असते, छर्रा तिथेच अडतो, पक्षी जखमी होऊन उडतो आणि कुठल्यातरी बांधाखाली दोन दिवस तडफडून मरतो. म्हणून नेम डोक्यावर. ते डोकं लिंबाएवढंही नसतं. असा पक्षी जवळ आणि स्थिर मिळायला हवा, आणि ते काम डिकॉय करतो. अडीच तासात भावाने ४ छर्रे झाडले, ४ पक्षी जागेवर पडले, आणि सात-आठ वेळा पक्षी समोर असूनही चाप ओढला नाही कारण मान हलत होती. चारही रात्री शिजवून खाल्ले. मारायचंच असेल तर छर्‍याची बंदूक घेणार्‍याने डिकॉय मांडायलाच पाहिजे असं मी म्हणतो, ६० मीटरवर झाडात बसलेल्या पक्ष्यावर नशिबाने मारणारा खरा क्रूर.

नदीकाठ :
दादा, लिहिलंय मनापासून, पण मला पटलं नाही. मी गेली बरीच वर्षं पाषाण तलावाला आणि मुळा-मुठेच्या काठाला पक्षी बघायला जातो. थवा खाली चरताना दिसला म्हणजे तिथे धोका नाही, एवढा एकच भरवसा त्या वरून जाणार्‍या पक्ष्याला असतो आणि तुम्ही नेमका तोच भरवसा वापरताय. आपल्याकडे याला केसाने गळा कापणं म्हणतात. शेतात बुजगावणं उभं करतात ना, ते पाखराला सांगतं इकडे येऊ नकोस. तुमचा डिकॉय सांगतो ये बाबा, आपलेच आहेत सगळे. आणि पाळलेल्या तितराला ओरडायला लावून रानातले तितर फाशात घ्यायचे ही युक्ती आपल्या मातीतही जुनीच आहे, आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं ते उगाच नाही.

आणि ते जनरल लायसन्सही दगडावरची रेघ नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये तिकडच्याच पक्षीप्रेमींनी कायदेशीर आव्हान दिल्यावर तीन लायसन्स मागे घ्यावी लागली होती, मग नव्या अटींसकट परत आली.

शेतबांध :
जिवंत पक्षी बांधून आमिष करायला तिथेही १९८१ च्या कायद्याने बंदी आहे, रेकॉर्ड केलेला आवाज लावायलासुद्धा. प्लास्टिकच्या तुकड्याला वेदना होत नाहीत, तितराची तुलना इथे बसत नाही.

नदीकाठ :
वेदना त्या तुकड्याची नाही हो, उतरणार्‍याची. तो विश्वासाने उतरतो.

कोथरूडची मेघना :
मी दोघांचं वाचलं आणि मला राग आला, खरंच सांगते. आमच्या आईला गेल्या वर्षी दम लागायला लागला, जिना चढताना मधे बसायची, शेवटी डॉक्टरांनी हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस सांगितलं, फुफ्फुसाचा ॲलर्जीसारखा आजार, कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी होतो. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे चार काड्यांचं घरटं, खाली बोटभर थर, आणि समोरच्या बिल्डिंगमधले काका रोज सकाळी गच्चीत धान्य टाकणार. प्लास्टिकचं घुबड आणून बसवलं, आठ दिवसांनी त्याच्याच डोक्यावर कबूतर. भाऊ म्हणतोय छर्‍याची बंदूक आणू, गच्चीवर तुमच्यासारखे डिकॉय मांडू, एकदाचं संपवू. त्याला मी काय उत्तर द्यायचं?

रेंजवाला :
मेघनाताई, भावाला आजच थांबवा. मी बालेवाडीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकलो, तिथे निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि मागे छर्रा अडवायची सोय असते. तुमच्या गच्चीमागे काय आहे? कुणाचं तरी स्वयंपाकघर. शिशाचा छर्रा कठड्याला घासून कुठे जाईल ते कुणीच सांगू शकत नाही.

आपल्याकडे ०.१७७ कॅलिबरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली बंदूक विनापरवाना मिळते म्हणून लोक समजतात की मारायलाही मोकळीक आहे. तसं नाही. प्राणी मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि लांबून पारवा कुठला न् हरियल कुठला हे नवख्याला कळत नाही, हरियल तर आपला राज्यपक्षी.

शेतबांधदादांचा जवळून मारायचा मुद्दा मला नेमबाज म्हणून पटतो हे मात्र कबूल करतो. चाप न ओढणं हेच शिकायला सगळ्यात जास्त वर्षं लागतात.

नदीकाठ :
मेघनाताई, आईंना बरं वाटो. गच्चीवर २० मारले तरी आठवड्यात दुसरे २० येतात कारण धान्य तिथेच आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल शहराने हे करून बघितलंय. १९६१ ते १९८५ मधे तिथे लाखभर पारवे मारले आणि शहरातला आकडा होता तिथेच राहिला, २० हजारांच्या आसपास. मग १९८८ पासून लोकांना खायला घालू नका म्हणून समजावायला लागले तेव्हा चारेक वर्षांत तो निम्म्यावर आला. मुंबईत २०२५ मधे दादरचा कबुतरखाना बंद करताना केवढा गदारोळ झाला आपण बघितलंय, भूतदया म्हणूनच लोक घालतात, त्यांच्याशी बोलावंच लागतं.

शेतबांध :
गच्चीबद्दल मी नदीकाठ आणि रेंजवाला दोघांच्या बाजूने. मेघनाताई, माझ्या पोस्टवरून घरात बंदूक आली तर मला झोप लागणार नाही. शेतात समोर मोकळं रान, मागे मातीचा बांध, हातात मालकाची परवानगी आणि रात्री ताटात पक्षी, यातलं काहीही गच्चीवर नाही.

पण शेताबद्दल माझं मत तेच. आमच्या शिरूरच्या शेतात आजोबा ज्वारी राखायला माळ्यावर बसायचे, गोफणीने हाकलायचे, एखादं पाखरू दगड लागून पडायचं आणि ते कुणीच उचलून बघायचं नाही. एक होला पंख मोडून बांधाखाली बसलेला मी लहानपणी बघितलाय, उघडी चोच, भीतीने फुगलेला. डिकॉयपाशी बसून भाऊ चाप सोडून देत होता तेव्हा मला तोच होला आठवत होता.

नदीकाठ :
होल्याचं वाचून गलबललं. तरी मी तिथे असतो तर डिकॉय उचलून बुजगावणं लावा म्हटलं असतं.

कोथरूडची मेघना :
भावाला रेंजवालादादांचं वाचून दाखवलं, गप्प झाला. घरट्यात पिल्लं आहेत दोन, पिवळी लव अजून गेली नाहीये. ती उडेपर्यंत थांबायचं आणि मग युनिटमागे जाळी बसवायची असं ठरलंय, आई तोवर आतल्या खोलीत झोपेल. रविवारी समोरच्या काकांकडे मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी जाणार आहोत, आईचा रिपोर्ट बरोबर घेऊन.