मदत हवी आहे: पावसाळ्यात टिकेल असा कुत्र्याचा घरगुती खाऊ (गहू, चिकन बंद, ओव्हन नाही)

पागोळी

नमस्कार मंडळी,

आमचा बंड्या देशी आहे, पाच वर्षांचा, वजन १६ किलो, नसबंदी झालेली. पंजे चाटणं आणि कान खाजवणं फार वाढलं म्हणून डॉक्टरांनी त्याला आठ आठवडे ठरवून दिलेल्या दोनच पदार्थांवर ठेवलं. नंतर एकेक पदार्थ परत देऊन पाहिला. चिकन सुरू केलं की चार-पाच दिवसांत कान लाल होतात. गहू अजून परत दिलेला नाही, त्यामुळे सध्या दोन्ही बंद. मासे, अंडं, भात, नाचणी, लाल भोपळा, रताळं हे सगळं देऊन झालंय आणि त्याला सोसतंय.

विकतच्या खाऊच्या पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात मासा नाहीतर मटण, आणि मागच्या बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ नि चिकनची भुकटी. म्हणून घरी करायला घेतलं. नाचणीचं पीठ, उकडलेला भोपळा, एक अंडं, बस्स. जाड कढईत मीठ तापवायचं, आत जाळी, तिच्यावर ताटली आणि वर घट्ट झाकण, आपण नानकटाई करतो तसं.

बंड्या खूश आहे, तो कशावर खूश नसतो म्हणा. पण लाटताना पीठ कडेने फुटतं. बिस्किटं वरून कडक वाटतात, मोडायला गेलं तर आत चिवट, आणि दोन-तीन दिवसांत डब्यात बुरशी. आम्ही चिपळूणजवळ राहतो. जुलैत इथे काडेपेटीसुद्धा सादळते, आणि लाइटचा भरवसा नसल्याने फ्रीझरवर सगळं सोपवता येत नाही.

त्याला 'थांब' शिकवणं चालू आहे, त्यामुळे खाऊ सारखा लागतो. दिवसाला किती दिला तर चालेल? आणि श्रावण तोंडावर आलाय. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात महिनाभर अंडं-मासळी शिजणार नाही. त्यावरही काही सुचवा.

करवंद

पीठ फुटतंय कारण नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. कितीही मळा, येणार नाही. तुम्ही भाकरीला काढतो तशी उकड काढा.

भोपळा कुकरमध्ये पाण्यात न टाकता वरच्या डब्यात वाफवा. कुस्करून कढईत परता, पाणी आटून गोळा कडा सोडायला लागेपर्यंत. ही पायरी गाळू नका, अर्धा ओलावा इथेच जातो. आता त्या गरम भोपळ्यातच नाचणीचं पीठ घाला, ढवळा, गॅस बंद, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरा. कोमट झालं की तेलपाण्याचा हात न लावता मळा. अगदीच कोरडं वाटलं तर उकळत्या पाण्याचा हबका मारा. असं केलंत तर अंड्याची गरजच पडत नाही, म्हणजे श्रावणाचाही प्रश्न मिटला.

लाटायला दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये घ्या आणि शंकरपाळ्याच्या कातण्याने बारीक चौकोन पाडा. मीठ, गूळ, साखर काही नको. बंड्या हळदीकुंकवाला आलेला पाहुणा नाही.

उनाड_पोपट

त्यात दोन लसणाच्या पाकळ्या ठेचून घाला. आमच्या गावी सगळे देतात, गोचीड लागत नाहीत.

तीनचाकी

पोपटराव, हे कृपा करून कुणी करू नका. कांदा, लसूण, पात, सगळी एकाच जातीची मंडळी. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात, आणि कच्चं, शिजवलेलं, भुकटी, कशातही फरक पडत नाही. एका पाकळीने लगेच काही दिसत नाही म्हणून गावात खपून जातं. गोचिडीला डॉक्टरांकडची गोळी किंवा मानेवर लावायचं औषध आहे की.

पागोळीताई, तुमच्या बुरशीचं मूळ मला झाकणात दिसतंय. घट्ट झाकणाच्या कढईत भोपळ्याची वाफ बाहेर पडायला वाटच नाही. ती झाकणाला लागते आणि परत खाली येते. नानकटाईत तूप-साखर भरपूर आणि पाणी जवळजवळ नाही, म्हणून तिथे चालतं. इथे तुम्ही बिस्किटं भाजत नाही, वाफवताय.

पहिली पंधरा-वीस मिनिटं झाकण लावा, म्हणजे आतपर्यंत शिजतील. मग उलटवा आणि झाकणाखाली लाकडी उलथन्याचा दांडा अडकवून फट ठेवा. आच अगदी बारीक. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब दिसताहेत तोवर पुसत राहा. थेंब धरायचे थांबले की गॅस बंद करा, पण बिस्किटं तिथेच गरम कढईत राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा लोखंडी तव्यावर मंद शेकायची. टोस्टसारखंच दोनदा भाजणं.

वाळली की नाही हे हाताला कळतं. दोन बोटांत धरून मोडा. कट्ट आवाज होऊन तुटली पाहिजे. आधी वाकून मग तुटली तर आत पाणी आहे. घरात वजनकाटा असेल तर सगळ्यात बरं: ताटलीचं वजन करा, पंधरा मिनिटं शेका, परत करा. वजन कमी व्हायचं थांबलं की झालं. लाटी तीन मिलिमीटरपेक्षा जाड ठेवलीत तर यातलं काहीही उपयोगाचं नाही.

पागोळी

थेंबांचं अगदी खरं आहे! झाकण उचललं की धार लागते आणि मी ते परत तसंच ठेवत होते. बुरशी आलेला घाणा टाकून दिला, पण आई म्हणत होत्या की वरचं खरवडून रस्त्यावरच्या कुत्र्यांना घाल. तसं चाललं असतं का?

तीनचाकी

नाही. वर दिसते तेवढीच बुरशी नसते, आणि काही बुरश्यांच्या विषाने कुत्र्यांना थरथर सुटते, झटके येतात. परसातल्या खतखड्यातही टाकू नका, तिथून बंड्याच उकरून खाईल. पिशवीत बांधून कचऱ्यात.

गणिती_मांजर

किती द्यायचं याचा हिशोब मी करते, वजन फारच सोयीचं दिलंय तुम्ही.

पडून राहणाऱ्या कुत्र्याला लागणाऱ्या कॅलरी काढायच्या तर वजनाचा ०.७५ घात घेऊन ७० ने गुणतात. १६ चं चौथं मूळ २, त्याचा घन ८, गुणिले ७० म्हणजे ५६०. नसबंदी झालेल्या, बेताच्या हिंडत्याफिरत्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे ९०० च्या आसपास. खाऊ एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा असं डॉक्टर लोक सांगतात. बंड्याच्या वाट्याला ९० कॅलरी.

आता बिस्किटं. २०० ग्रॅम नाचणी पिठाच्या साधारण ६४०, २०० ग्रॅम भोपळ्याच्या ५० धरा, अंडं घातलंत तर ७०. झाले ७६०. या घाण्याचे दीडशे तुकडे पाडलेत तर एकेक पाच कॅलरीचा, म्हणजे दिवसाला अठरा. त्यातच पोळीभाजीच्या वेळी घरातले जे चोरून देतात तेही धरायचं! शिकवताना हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडासुद्धा पुरतो. कुत्रा खाऊ किती वेळा मिळाला ते मोजतो, केवढा मिळाला ते नाही.

हा आकडा ढोबळ आहे. महिनाभराने वजन करा आणि बरगड्या चाचपून बघा. हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत.

वेंगुर्ल्याचा_वारा

कोकणात राहून बिस्किटं कसली भाजत बसलायत? सुके बोंबील! मासळीवालीकडून न खारवलेले मागून घ्या, खारवलेले अजिबात नकोत, मीठ फार असतं. डोकं नि मधला काटा काढायचा, वाळू जाईपर्यंत धुवायचं आणि तव्यावर कोरडेच खडखडीत भाजायचे. कात्रीने नखाएवढे तुकडे. आमचा मोती यासाठी शेजाऱ्याचं घरसुद्धा राखील.

श्रावणाचं म्हणाल तर कुत्र्याला श्रावण नसतो, सासूबाईंना असतो. आमच्याकडे त्याची जुनी कढई आणि स्टोव्ह मागच्या पडवीत आहे. वास पुढच्या दारी आला की एक कटाक्ष मिळतो, पण चालतं.

पागोळी

वारा, बोंबलाची कल्पना झकास. आषाढ संपायच्या आत भाजून ठेवते. वास आवरायला बरणी दुहेरी झाकणाची शोधावी लागेल.

शेंगदाणा_लाडू

मी पीनट बटर घालते, कुत्री वेडी होतात. फक्त डब्यावर झायलिटॉल किंवा बर्च शुगर लिहिलं असेल तर तो डबा घेऊ नका. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरते, यकृतालाही इजा होऊ शकते. 'शुगर फ्री' दिसलं की मागची यादी वाचायचीच.

करवंद

त्यापेक्षा दाणे भाजून घरीच वाटावेत. फक्त पावसाळ्यात दाण्यांवर लक्ष ठेवा. काळपट, सुरकुतलेले, कडू किंवा खवट दाणे टाकून द्यायचे. दमट दाण्यांवरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन कुत्र्यांच्या यकृताला फार वाईट. आणि दाण्यात तेल भरपूर, तेव्हा घाण्याला चमचाभरच.

दहीभात

माझी कुत्री पहिल्या पायरीवर आहे, आठ आठवड्यांचं पथ्य नुकतंच सुरू झालंय. तिला ही नाचणीची बिस्किटं दिली तर चालतील ना? तीनच तर पदार्थ आहेत.

गणिती_मांजर

नाही हो! तीन असोत की एक, डॉक्टरांनी लिहून दिलेल्यातलं नसेल तर काही नाही. तिच्या पथ्यात जे आहे त्याचाच खाऊ करा. रताळं असेल तर रताळ्याच्या चकत्या वाळवा, मासा असेल तर त्याचेच उकडलेले तुकडे. जंताची किंवा गोचिडीची चघळायची चवदार गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, कारण तिच्यात मांसाचा स्वाद असू शकतो. एवढ्याशा गोळीने पथ्य वाया जातं आणि परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागतं.

दहीभात

बरं झालं विचारलं. गोळी चिकनच्या स्वादाचीच आहे. उद्याच फोन करते.

पागोळी

मंडळी, उकड काढून आणि झाकणाला फट ठेवून केली. पीठ अजिबात फुटलं नाही, कातण्याने सरळ रेषेत तुकडे पडले. मोडताना कट्ट वाजतात आणि आत पांढुरका, कोरडा भुगा दिसतो, पूर्वीसारखा काळपट चिकट गाभा नाही. अंडं घातलं नाही, बंड्याला फरक कळलेला नाही. गॅस मात्र बराच जळतो, म्हणून आमटीभात झाला की त्याच शेगडीवर बारीक आचेवर कढई ठेवून देते.

डब्यात ठेवायची युक्ती कुणाकडे आहे का? सिलिकाच्या पुड्या टाकू का?

तीनचाकी

पुड्या नकोत. बंड्याने डबा पाडला तर तो आधी पुडीच खाईल, कारण तिलाही बिस्किटाचा वास लागलेला असतो. बिस्किटं हाताला कोमट लागताहेत तेवढ्यातच डब्यात भरा. गरम भरलीत तर वाफ धरेल, पार गार होईपर्यंत ताटात ठेवलीत तर बाहेरची हवा पिऊन घेतील. एका मोठ्या डब्याऐवजी चार छोट्या डब्या करा. रोजची एकच उघडायची, बाकीच्या फ्रीजमध्ये. लाइट चार तास गेली तरी कडक वाळलेल्या बिस्किटांना काही होत नाही, ती भीती ओल्या खाऊला. तरीही जुलै-ऑगस्टात आठवड्यापुरतंच करा. आणि सादळली असं वाटलं तर वास घेऊन, डाग नसेल तरच, तव्यावर परत शेका.

वेंगुर्ल्याचा_वारा

आणि ज्या दिवशी काहीच करायचा कंटाळा येईल त्या दिवशी गाजराचा तुकडा. धुवा, कापा, द्या.

पागोळी

गाजर तो घेतो, सोफ्याखाली नेऊन ठेवतो आणि विसरतो.

शेवटचं एक. डॉक्टर म्हणाले पुढच्या महिन्यात गहू परत देऊन बघू. तेव्हा याच बिस्किटांत अर्धी कणीक घातली तर चालेल का?

गणिती_मांजर

नको. बिस्किटं आहेत तशीच चालू ठेवा आणि गहू वेगळा द्या. तेल-मीठ न घातलेल्या साध्या फुलक्याचा तुकडा, रोज ठरलेल्या वेळी. त्या काळात दुसरा कुठलाही नवा पदार्थ नाही, नवा शॅम्पूसुद्धा नाही, म्हणजे खाज आली तर ती कशाने यावर वाद राहत नाही. काहींना दोन-तीन दिवसांत खाज सुटते, काहींना दोन आठवडेही लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी 'गहू चालतो' म्हणून पेढे वाटू नका. सुरू करायच्या आधी कानाच्या आतले आणि पंजांच्या बोटांमधले फोटो उजेडात काढून ठेवा. आणि खाजवायला लागला तर दोन आठवडे पुरे करायची वाट न बघता फुलका त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना कळवा.